उज्ज्वलाचा दिवस

भागूनं कुदळ फाटकाच्या खांबाला टेकवली, टोपी काढून झटकली, पुन्हा डोक्यावर घातली आणि पहारेकऱ्याला सांगितलं, "काम करायला आलोय."

पहारेकरी रखमाजी निमगाव सावा गावचा. बारा वर्षं या फाटकावर काढल्यामुळे चपलेवरून माणसाचं काम ओळखण्याची विद्या त्याला साधली होती. या म्हाताऱ्याच्या पायात चपलाच नव्हत्या, त्यामुळे विद्येचा खोळंबा झाला.

"भरती बंद हाय, बाबा."

"भरतीला कोन आलंय? एक दिस काम करायचंय. आज करतो आन् सांच्या गाडीनं जातो."

"रोजानं मान्सं ठेकेदार घेतो. त्येच्याकडं जा."

"रोज नको मला. तसंच करायचंय."

रखमाजीनं वही पुढे ओढली. वहीत 'भेटीचे कारण' असा एक रकाना होता. त्यात आजवर तपासणी, तक्रार, वर्गणी आणि लग्नपत्रिका एवढीच कारणं आली होती. तसंच काम करायला आलेला माणूस एकतर वेडा असतो किंवा पुढाऱ्याचा, आणि दोघांनाही आत सोडायला वरची परवानगी लागते.

"कुनाकडं जायचंय?"

"श्रेयाबाईंकडं. पिवळ्या बनियनवाल्या. त्यास्नी सांगा, वाडीवरनं उज्ज्वलाचा सासरा आलाय, तिचा दिस फेडायला."

रखमाजीनं आत फोन लावला आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहून टाकलं.

कंपनी मंचरच्या अलीकडे, हायवेला लागून. कांदा वाळवून त्याची पूड करायची आणि ती कुठं कुठं पाठवायची, हा तिचा धंदा. वारा इकडचा असला की फाटकापर्यंत डोळे झोंबत. इथं नवा लागलेला माणूस पहिला आठवडा रडतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याला दुसऱ्याचं रडू दिसेनासं होतं. भागू डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीतून, दोन गाड्या बदलून आला होता. त्यानं उपरण्याच्या टोकानं डोळे टिपले आणि मनात म्हटलं, जागा सोयीची आहे.

*

ओढ्यावरचा साकव ही त्या भागातली पहिली त्रिपक्षीय भागीदारी. पुलाच्या डोक्याशी लावलेल्या फलकावरच तसं लिहिलं होतं. लोखंड कंपनीचं, आराखडा आणि परवानगी सरकारी खात्याची, समन्वय एका संस्थेचा. खाली बारीक अक्षरांत चौथी ओळ: लोकसहभाग, ग्रामस्थ. फलक लावायलाच एक अख्खा दिवस गेला, कारण तिघांची बोधचिन्हं एका उंचीवर यायला हवी होती. ती आली.

पुलाच्या दोन टोकांचं मात्र तसं जमलं नाही. रस्त्याकडचं टोक जमिनीला टेकलं. वाडीकडचं टोक दगडी खांबावर येऊन थांबलं, ते जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. तिथून खाली दगडमातीचा उतार घालायचा राहिला होता. कंपनीच्या कागदात पूल होता, उतार नव्हता. खात्याच्या आराखड्यात उतार होता, पण तो 'इतर कामे' या सदरात, आणि इतर कामं इतरांनी करायची असतात. संस्थेचा अहवाल तोवर छापून झाला होता. वाडीनं आपली एक लाकडी शिडी लावली. उद्घाटनाला आलेले पाहुणे रस्त्याकडून पुलावर आले, मध्यावर थांबून फीत कापली आणि आल्या वाटेनं परत गेले, त्यामुळे शिडी काही कुणाच्या फोटोत आली नाही.

पण पूल बांधताना एक दिवस असा आला होता की ज्यानं वाडीचा गैरसमज झाला.

या वाड्यांमध्ये भाताची खाचरं कुणी एकट्यानं घालत नाही. आज सगळी वाडी भागूच्या उतारावर, उद्या सगळी हौशीरामच्या. या रीतीला पडकई म्हणतात. ज्याच्याकडे काम त्यानं जेवू घालायचं, आणि पुढं ज्यानं दिवस दिला त्याच्याकडे जाऊन दिवस परत करायचा. लिहून कुणी ठेवत नाही, विसरतही नाही. ज्याचा दिवस आपल्या अंगावर आहे, त्याला तो फेडल्याशिवाय पुन्हा हाक मारायची नाही. माणूस मेला तरी त्याचा दिवस मरत नाही. तो घरावर येतो.

गेल्या वर्षीच्या चैत्रात कंपनीची बारा माणसं पिवळी बनियनं घालून श्रमदानाला आली. पहिला तासभर त्यांनी एकमेकांचे फोटो काढले. मग, का कोण जाणे, खरंच कामाला लागली. ओढ्यापासून खांबापर्यंत माणसांची रांग झाली, एक वाडीचा, एक पिवळा, अशी. दगडाची घमेली हातोहात वर जाऊ लागली. वाडीला भागीदारी हा शब्द नवा होता. ही मात्र पडकई होती, ती वाडीला दिसली आणि पटली. सारजाबाईनं, म्हणजे भागूच्या बायकोनं, बाराही जणांना नाचणीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. वाडीच्या दृष्टीनं व्यवहार पक्का झाला.

रांगेत श्रेयाच्या डाव्या हाताला उज्ज्वला होती. भागूची सून.

"ताई, जरा सावकाश," श्रेया म्हणाली होती. "माझे हात बघा, आणि तुमचे बघा."

"तुझं हात कशानं असं मऊ? काय काम असतंय गं तुला?"

"कॉम्प्युटरवर बसायचं. चिठ्ठ्या लिहायच्या, बैठका लावायच्या."

"मंग तुझा दिस मी कसा फेडू? मला नाय चिठ्ठ्या लिवाया येत."

"कशाला फेडताय, ताई?"

"असं नसतंय. सुगी झाली की येते. मागल्या दाराला कायतरी खणायचं असंल ते ठिव माझ्यासाठी."

दोघी हसल्या. घमेलं पुढं गेलं.

ती सुगी उज्ज्वलानं बघितली नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत बांधावर तिला घोणस चावली. तिच्या नवऱ्यानं, सुनीलनं, आणि तिघांनी घोंगडीची झोळी केली आणि पळत पूल गाठला. खाली ओढा दुथडी वाहत होता. पलीकडे रस्त्यावर गाडी वेळेवर येऊन उभी होती. तिचा फिरता दिवा अलीकडून दिसत होता. झोळी शिडीवर चढत नाही. दोनदा चढवून बघितली. दुसऱ्या वेळी ओली शिडी सटकली आणि उज्ज्वला म्हणाली, "असू द्या, वरल्या वाटंनं चला." वरची वाट म्हणजे डोंगराला वळसा, अडीच तासांचा. निम्म्यात तिनं पाणी मागितलं. ते तेवढं वेळेत मिळालं.

वर्षाच्या अहवालात 'पुलावरील अपघात' या सदरात शून्य लिहिलं होतं. ते खरंच होतं. ती पुलावर गेली नव्हती. पुलावर तिला जाताच आलं नव्हतं.

त्यानंतर सुनील मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गाड्या भरायला राहिला, घरी अमावस्येला येई. आणि आता वैशाख होता. हौशीरामच्या सुनेला, आरतीला, बाळंतपणाची आषाढातली तारीख दिली होती. ती पाणी भरायला जाताना शिडीकडे एकदा बघायची आणि मग उगाच पदर सारखा करायची. भागू ते रोज बघत होता.

"पावसाच्या आत उतार झाला पायजे," तो एका सकाळी म्हणाला. "वाडीत धडधाकट म्हणून चौदा मान्सं उरलीत. दगड लई हाय. पिवळी बारा आली तर एका दिसात व्हतंय."

सारजाबाई चुलीपुढे बसली होती. तिनं मागं न बघता सांगितलं, "आदी उज्ज्वलाचा दिस फेडा, मंग हाक मारा."

"व्हय."

"आन् तिचं नाव सांगून काय मागू नगा. मेल्या मान्साचं नाव घेतलं की लोक भिऊन येत्यात. पडकईला भिऊन येऊ नये कुनी."

भागूनं कोपऱ्यातली उज्ज्वलाची कुदळ उचलली. त्याची स्वतःची जड होती, हे कारण त्यानं न विचारताच सांगितलं.

*

"बाबा! तुम्ही इतक्या लांब!"

श्रेया धावतच फाटकाशी आली. भागूनं येण्याचं कारण सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग त्याच्या हातातली कुदळ बघून हसायची थांबली.

"अहो, ते श्रमदान होतं. ते फेडायचं नसतं."

"तुमच्यात नसंल. काय खणायचंय सांगा."

"माझं शेत नाही हो. मी खोली घेऊन राहते, तिसऱ्या मजल्यावर."

"तिनं तुमाला मागलं दार सांगितलं व्हतं."

श्रेयानं इमारतीच्या मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग त्याला इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं कांदे धुतलेलं पाणी भिंतीशी साचून चिखल झाला होता. चर काढायचा, असं तीन बैठकांत ठरलं होतं.

भागूनं उतार डोळ्यांनी मापला, धोतराचा काचा मारला आणि कुदळ घातली.

तासाभरात ही गोष्ट वरपर्यंत गेली आणि आदेश सर खाली आले. सामाजिक जबाबदारीचं खातं त्यांच्याकडे होतं. माणूस वाईट नव्हता. पुलाचं लोखंड वेळेवर पोचावं म्हणून तो स्वतः ट्रकमध्ये बसून गेला होता. पण चांगल्या गोष्टीला इंग्रजी नाव मिळाल्याखेरीज ती घडली असं त्याला वाटत नसे.

"श्रेया, हे फार मोठं आहे. लाभार्थी स्वतः परतफेडीला येतो. काका, जरा इकडे बघता? कुदळ अशी खांद्यावर. थोडं हसा."

भागू हसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कांदा हो, काका. सवय नसते ना," आदेश सर म्हणाले आणि त्यांनी दुसरा फोटो काढला.

दुपारी श्रेयानं आपला डबा त्याच्यापुढे ठेवला. काम करणाऱ्याला जेवू घालायचं, एवढं तिला वाडीवरून आठवत होतं. पोळी मोडता मोडता तिनं विचारलं, "उज्ज्वलाताई का नाही आल्या? त्यांना यायचं होतं."

भागूनं घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"तिनंच धाडलंय मला," तो म्हणाला.

"बऱ्या आहेत ना?"

"तिला आता काय तरास न्हाई."

त्यानं उपरणं डोळ्यांना लावलं, बराच वेळ. श्रेयानं पाण्याचा पेला पुढे केला.

"डोळ्यांवर मारा थोडं. मलाही पहिला आठवडा असंच व्हायचं. कांदा सोसत नाही कुणाला."

"व्हय," भागू म्हणाला. "लई तिखट हाय तुमचा कांदा."

चार वाजता चर पुरा झाला. दोन्ही कडांना त्यानं दगड असे बसवले की पावसाळ्यात माती ढळू नये. साचलेलं पाणी हळूहळू वाट शोधत निघालं आणि भिंतीखालची जमीन पहिल्यांदा दिसली. तीन बैठकांत जे व्हायचं होतं ते झालं.

"दिस फिटला का?" त्यानं श्रेयाला विचारलं.

"कधीच फिटला, बाबा."

"मंग आता हाक मारतो. येत्या ऐतवारी पुलाचा उतार घालायचाय. समद्यांनी या."

आदेश सरांनी लगेच फोन लावला. कामाच्या बाबतीत त्यांचा हात लगेच चाले. एकाच वेळी खात्याचे साहेब आणि संस्थेच्या बाई दोघंही फोनवर आले. भागू बाकावर बसून ऐकत राहिला. तिघंही एकमेकांशी फार आदरानं बोलत होते. कंपनी म्हणाली, पूल आमच्याकडून पूर्ण आहे. खातं म्हणालं, उतार इतर कामांत आहे आणि इतर कामं टप्पा दोनमध्ये. संस्था म्हणाली, टप्पा दोन हा जनजागृतीचा आहे. मग बराच वेळ करार चाळल्याचा आवाज आला आणि तिघांच्याही हाताला एकाच वेळी चौथी ओळ लागली.

"लोकसहभाग," खात्याचे साहेब म्हणाले, आणि तिघांनाही बरं वाटलं.

"म्हंजी आमी?" भागूनं विचारलं.

"हो काका. म्हणजे तुम्ही," आदेश सर फोन हातानं झाकून हळूच म्हणाले. त्यांना थोडं वाईट वाटलं होतं.

"मंग बेस झालं. काम आमचं, तर हाक बी आमचीच. ऐतवारी सकाळी सात. जेवान आमच्याकडं."

फोनवर पुन्हा कागद चाळले गेले. मग तिघांनीही येण्याचं तत्त्वतः मान्य केलं. तत्त्वतः येणाऱ्याला किती भाकरी लागतात, हे विचारायचं भागूच्या ओठांवर आलं होतं. पण शेवटची गाडी चुकली असती.

फाटकापर्यंत श्रेया सोबत आली.

"उज्ज्वलाताईंना सांगा, मी येते. मी त्यांच्याच शेजारी उभी राहणार."

भागूनं कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. सारजाबाई काय म्हणाली होती ते त्याला आठवलं.

"सांगतो," तो म्हणाला.

*

रविवारी वाडी पहाटेपासून ओढ्यात होती. सारजाबाईनं चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या होत्या. सात वाजले, आठ वाजले. नऊ वाजता एक मोटरसायकलवाला रस्त्यावरून हाक मारून दोन पाकिटं देऊन गेला. एकात खात्याचं शुभेच्छापत्र होतं. दुसऱ्यात संस्थेनं पाठवलेला कापडी फलक. कंपनीचा हौशीरामच्या फोनवर निरोप आला की रविवारी वरून गाडी मिळत नाही, पुढल्या महिन्यात नक्की.

"भागूदा, बलावणं लई लांब केलंत तुमी," हौशीराम म्हणाला.

"हाक मारायचं काम आपलं. यायचं त्येंचं."

"ह्यो फलक कुटं लावायचा?"

"माती वाहायला घ्या. कापड दणकट दिसतंय."

रांग लागली. चौदा माणसं ओढ्यापासून खांबापर्यंत पुरत नव्हती, म्हणून लांब लांब उभी राहिली. एका ठिकाणी मात्र त्यांनी मुद्दाम मोकळं सोडलं होतं. वाडीची रीत अशी की माणूस गेल्यावर पहिल्या पडकईला त्याच्या जागी कुणी उभं राहत नाही. घमेलं घेऊन तेवढी दोन पावलं चालायची.

साडेदहाला रस्त्याच्या बाजूनं कुणीतरी एकटंच पुलावर आलं. अंगात पिवळं बनियन नव्हतं, साधा जुना ड्रेस होता. बस चुकल्यामुळे फाट्यापासून चालत आल्याचं तोंडावर दिसत होतं. श्रेया पुलाच्या वाडीकडच्या टोकाशी पोचली आणि थांबली. गेल्या वर्षी श्रमदानाहून ती परतली तेव्हा खांब अर्धाच होता. तिनं शिडी बघितली, शिडीखालचा ओढा बघितला. मग पाठमोरी होऊन, एकेक पायरी चाचपत खाली उतरली. उतरायला तिला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"उशीर झाला, बाबा. मी एकटीच आहे."

"जेवान झालंय समद्यांचं. तुजं मागं ठिवलंय," सारजाबाई म्हणाली. "हितं उभी ऱ्हा."

श्रेया सांगितल्या जागी उभी राहिली. ओढणी कमरेला बांधता बांधता तिनं रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. पोट सांभाळत पाण्याची कळशी घेऊन बसलेल्या आरतीकडे बघितलं. पुन्हा एकदा रांग बघितली.

"ताई कुठं..."

उजवीकडून भरलेलं घमेलं आलं. तिनं ते घेतलं आणि सवयीनं डावीकडे पुढं केलं. तिथं कुणी नव्हतं. घमेलं हातात तसंच राहिलं. रिकाम्या जागेपलीकडे सारजाबाई दोन्ही हात पुढे करून उभी होती. घ्यायला ती एक पाऊलही इकडे आली नाही.

श्रेयानं त्या जागेकडे बघितलं. मग खांबाकडे, शिडीकडे, आणि पुन्हा त्या जागेकडे. ओढ्यात कुणीतरी दगड उपटत होतं, तेवढाच आवाज होता. मग ती दोन पावलं चालली, घमेलं सारजाबाईच्या हातांत दिलं आणि आपल्या जागी परत आली.

दुसरं घमेलं आलं. ती दोन पावलं चालली.

दुपारपर्यंत तिनं कुणाला काही विचारलं नाही. उतार गुडघाभर चढला होता. तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि तोंडावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. भागू आपली जागा सोडून खाली आला. त्यानं उपरण्याचं टोक तिच्या डोळ्यांना लावलं, लहान पोराचे पुसावेत तसं.

"दगडाची धूळ हाय, बाई," तो म्हणाला. "सवय नसती. सोसत न्हाई कुनाला."

श्रेयानं मान हलवली. वरून रिकामं घमेलं आलं.